शार्ल आझ्नावूर: बसक्या आवाजाच्या माणसाचं फ्रेंच गाणं

१९५० साली पॅरिसमधल्या एका गायकाने कागद घेतला आणि स्वतःतल्या उणिवा लिहून काढल्या. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पहिलाच शब्द होता आवाज. मग उंची, मग हावभाव. त्यानंतर शिक्षणाची आणि वाचनाची वानवा, नको तितका स्पष्टवक्तेपणा आणि शेवटी व्यक्तिमत्त्वच नसणं. गाण्यावर पोट भरायला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने या यादीत जवळजवळ सगळंच आलं. समीक्षक याहून वेगळं काही म्हणत नव्हते. पाच फूट तीन इंचांचा हा माणूस, त्याचा आवाज असा की सर्दी कधी उतरलेलीच नाही, आणि याला स्टेजवर उभं करतात तरी का, असा त्यांचा सूर असे.

त्यानंतर अडुसष्ट वर्षं तो गात राहिला. शार्ल आझ्नावूर त्याचं नाव.

मी त्याचं गाणं पहिल्यांदा फ्रेंचच्या वर्गात ऐकलं. बाई आम्हाला एक भूतकाळ शिकवत होत्या. फ्रेंचमध्ये दोन-तीन तऱ्हेचे भूतकाळ आहेत, त्यातला एक आपल्या रीतिभूतकाळासारखा: तो जाई, ती बसे, आम्ही हसत असू. एकदा घडून गेलेली गोष्ट सांगायला तो नाही, पूर्वी पुन्हा पुन्हा घडत असलेली सांगायला आहे. तक्ता फळ्यावर लिहून झाला, तरी आमच्या डोक्यात काही शिरेना. मग बाईंनी ‘ला बोएम’ लावलं. एक म्हातारा चित्रकार तरुणपणीचे दिवस आठवतोय: आम्ही उपाशी असायचो, आम्ही वीस वर्षांचे होतो, आम्ही रात्र रात्र जागायचो. आठवणींतलं जवळजवळ प्रत्येक क्रियापद त्याच भूतकाळात. व्याकरण तर कळलंच, पण गाणंही डोक्यातून जाईना. तेव्हापासून मी आझ्नावूर ऐकत आलेय आणि तो मराठी वाचकांपर्यंत फारसा पोचलेला नाही, याची मला कायम चुटपुट लागून राहिलीय. भाषा आड येते हे खरं. पण थोडी पूर्वतयारी असली तर ती फारशी आड येत नाही.

घर

त्याचं जन्माचं नाव शाहनूर वाघिनाक आझ्नावूरियान. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी ‘कर’ आलं की त्यामागे गाव असणार हे कळतं, तसं ‘यान’ आलं की माणूस आर्मेनियन असणार हे कळतं. ‘यान’ म्हणजे अमक्याच्या घराण्यातला. पुढे स्टेजसाठी त्याने ही शेपटी काढून टाकली आणि आझ्नावूर एवढंच ठेवलं. ‘शार्ल’ हे फ्रेंचांच्या जिभेला सोपं म्हणून आलं.

आईवडील दोघंही नाटक-गाण्यातले. वडील मिशा जॉर्जियातले, आई क्नार तुर्कस्तानातल्या आर्मेनियन कुटुंबातली. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचं जे हत्याकांड झालं, त्यातून वाचून परागंदा झालेल्या लाखो लोकांपैकी हे एक जोडपं. मुलगी आइदा वाटेत ग्रीसमधल्या सालोनिका शहरात जन्मली. पुढे अमेरिकेला जायचं होतं, पण व्हिसाची वाट पाहत ते पॅरिसमध्ये थांबले आणि तिथेच २२ मे १९२४ रोजी मुलगा झाला. मग ते पॅरिसचेच झाले.

वडिलांनी रु द ला ह्युशेत या गल्लीत ‘ल कोकाझ’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. तिथे देशोधडीला लागलेले रशियन आणि आर्मेनियन लोक यायचे, वाद्यं वाजायची, वडील स्वतः गायचे. अडलेल्या माणसाला फुकट जेवू घालण्याची त्यांना सवय होती. मंदीच्या काळात रेस्टॉरंट बुडालं. मुलं मात्र गाणं आणि नाटक श्वासासारखं घेत वाढली. १९३३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, शार्ल व्यावसायिक नाटकात उभा राहिला. शाळा लवकरच सुटली. यादीतली ‘शिक्षणाची वानवा’ तिथली आहे, आणि ती त्याला जन्मभर टोचली. मोठेपणी तो शब्दकोश घेऊन बसायचा, वाचायचा, एकेक शब्द तपासायचा.

युद्धाच्या वर्षांतली एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हे घर कळत नाही. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना हे कुटुंब रु द नाव्हारँ या रस्त्यावरच्या छोट्या घरात राहत होतं. त्या घरात ज्यू लपले, जर्मन सैन्यात जबरदस्तीने भरती झालेले आणि आता पळून आलेले आर्मेनियन सैनिक लपले. त्यांचे गणवेश रात्री गुपचूप नाहीसे करायचं काम तरुण शार्लकडे असायचं. आर्मेनियन कवी आणि प्रतिकार चळवळीतला नेता मिसाक मानुशियान या घरचा मित्र. शार्लला बुद्धिबळ त्याने शिकवलं. मानुशियानला पकडून २१ फेब्रुवारी १९४४ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. त्याची बायको मेलिने हिला याच कुटुंबाने आसरा दिला होता. शार्लने पुढे याचा गाजावाजा केला नाही. २०१७ मध्ये इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला आणि आइदाला आईवडिलांच्या वतीने राऊल वॉलेनबर्ग पदक दिलं, तेव्हा भाऊ त्र्याण्णव वर्षांचा होता आणि बहीण चौऱ्याण्णवची.

‘शांसाँ’ म्हणजे नक्की काय

फ्रेंचमध्ये ‘शांसाँ’ म्हणजे साधं गाणं. पण जगभर हा शब्द वापरतात तो एका विशिष्ट परंपरेसाठी. तिची ओळख एका वाक्यात अशी: चाल शब्दांच्या सेवेला असते.

रेडिओवर आपण ऐकत आलो: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर आणखी कोणाचा तरी. आपल्या भावगीतात तीन माणसं तीन कामं करतात आणि ऐकणाऱ्याला तिघांचीही नावं माहीत असतात. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर असे कलाकार पुढे आले जे तिन्ही कामं एकटे करत. शार्ल त्रेने, जॉर्ज ब्रासाँस, बेल्जियमहून आलेला झाक ब्रेल, बार्बारा आणि आझ्नावूर. अशा माणसाला फ्रेंचमध्ये एक लांबलचक जोडनाव आहे, त्याचा अर्थ ‘लेखक-संगीतकार-अँतेरप्रेत’. यातला शेवटचा शब्द मला फार आवडतो. अँतेरप्रेत म्हणजे कला सादर करणारा, आणि तोच शब्द दुभाष्यालाही वापरतात. गायकाचं काम म्हणजे लिहिलेलं ऐकणाऱ्याच्या भाषेत पोचवणं, हे त्या शब्दातच बसलंय.

यामुळे शांसाँमध्ये आवाज गोड असण्याला तितकं महत्त्व उरत नाही. तान नाही, हरकत नाही, सूर लांबवून दाखवणं नाही. शब्द कळला पाहिजे आणि त्यामागचा माणूस दिसला पाहिजे. हे शक्य व्हायला एक यंत्रही कारणीभूत झालं, ते म्हणजे मायक्रोफोन. १९३०च्या दशकात तो पॅरिसच्या रंगमंचावर आला, त्याआधी गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला छातीतून आवाज काढावा लागे. मायक्रोफोनसमोर कुजबुजता येतं, वाक्य अर्धवट सोडता येतं, घसा दाटून आलेला ऐकू येतो. आझ्नावूर शंभर वर्षं आधी जन्मला असता तर त्या आवाजाने त्याला कुठेच उभं केलं नसतं.

त्याच्या आवाजाबद्दल थोडं. तो बसका आहे, कडेला खरखरीत आहे, वरच्या सुरात गेला की फाटेल असं वाटतं आणि फाटत नाही. तो तालाच्या किंचित मागे राहून गातो, कधी बोलतो, कधी बोलता बोलता सुरात शिरतो. आणि भाषा बोलीतली वापरतो. त्याच्या १९६०च्या दोन गाण्यांची नावंच पाहा: ‘झ म्व्वायॅ देजा’ आणि ‘त्यु त्लेस आले’. पुस्तकी फ्रेंचमध्ये यांत आणखी एकेक स्वर लागतो, तो त्याने गाळून टाकला आणि छापतानाही तसाच गाळला. म्हणजे मराठीत ‘करीत आहे’ च्या जागी ‘करतोय’ लिहावं तसं. फ्रेंच गाण्यात आणि कवितेत हा मुका स्वर उच्चारायची जुनी शिस्त होती. तो गाळला की पात्र रस्त्यावरचं, घरातलं, शेजारचं होतं.

पियाफच्या सावलीत आठ वर्षं

१९४१ मध्ये त्याला पिएर रोश नावाचा पियानोवादक भेटला. दोघांनी जोडी जमवली, ‘रोश आणि आझ्नावूर’. चाल रोशची, शब्द आझ्नावूरचे. त्यांचं ‘झे ब्यू’, म्हणजे ‘मी प्यायलोय’, हे गाणं जॉर्ज उल्मेरने गायलं आणि १९४७ चं ध्वनिमुद्रिकांचं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. स्वतःच्या आवाजात नाव होण्याआधी तो दुसऱ्यांसाठी लिहिणारा म्हणून ओळखला जाऊ लागला.

१९४६ मध्ये एदित पियाफने या दोघांना ऐकलं. पियाफ तेव्हा फ्रान्सची सगळ्यात मोठी गायिका. तिने त्यांना दौऱ्यावर घेतलं, अमेरिकेला जायला भाग पाडलं. न्यूयॉर्कनंतर ते कॅनडात माँत्रेआलला गेले आणि तिथे ‘ल फेझाँ दोरे’ नावाच्या कॅबरेत त्यांचे खेळ खूप चालले. शेवटी रोश तिकडेच राहिला, जोडी फुटली, आणि आझ्नावूर एकटा पॅरिसला आला. वर सांगितलेली यादी याच काळातली आहे.

पुढे तो पियाफच्या घरी राहिला. गाणी लिहायचा, गाडी चालवायचा, प्रकाशयोजना बघायचा, बॅगा उचलायचा, फोन घ्यायचा. प्रेमप्रकरण नव्हतं. एकूण आठ वर्षं असा तिच्या अवतीभवती होता. तिनेच त्याला नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला लावली आणि नवं नाक पाहून ‘आधीचंच बरं होतं’ म्हणाली, हा किस्सा तो स्वतः सांगायचा. पियाफ काय शिकवते हे तिच्या घरात राहून कळत होतं: रोज विंगेतून पाहायचं, एका हाताच्या हालचालीने सगळं सभागृह कसं गप्प होतं. पण तिच्याजवळ राहून मोठं होता येत नाही, हेही त्याला कळत होतं.

‘रविवारांचा मला तिटकारा आहे’ या अर्थाचं एक गाणं त्याने पियाफला दाखवलं. तिने नाकारलं. त्याने ते ज्युलिएत ग्रेकोला दिलं, तिला १९५१ मध्ये दोव्हिलच्या स्पर्धेत त्यासाठी पारितोषिक मिळालं. मग पियाफ संतापली आणि तिनेही ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. या गाण्याची चाल त्याची नव्हती, फ्लोराँस व्हेराँ या संगीतकार बाईची होती. आझ्नावूर सगळं एकट्यानेच करत असे, असा एक समज आहे तो बरोबर नाही. त्याची सगळ्यात गाजलेली काही गाणी दुसऱ्यांनी लिहिली आहेत आणि चाल त्याची आहे. ‘ला बोएम’ चे शब्द झाक प्लांतचे. ‘ला मम्मा’ चे रोबेर गालचे. ‘व्हेनिस किती उदास आहे’ हे फ्राँस्वाझ दोरँचं. तरी ऐकताना वाटतं की हे त्याच्या तोंडून आत्ता सुचत सुचत बाहेर आलंय. तिथे तो खरा दुभाषा.

अलहाम्ब्राची रात्र

१९५५-५६ पर्यंत लोक त्याला ओळखू लागले होते. मोरोक्कोत यश मिळालं, पॅरिसमध्ये ऑलिंपिया नाट्यगृहात तो गायला, ‘स्युर मा व्ही’ हे गाणं लोकांच्या तोंडी बसलं. पण पॅरिसच्या समीक्षकांनी त्याला पहिल्या रांगेत मानलं नव्हतं. प्रेमानंतरच्या क्षणांवरचं त्याचं एक गाणं तर रेडिओवर लावायलाच बंदी होती.

१२ डिसेंबर १९६० रोजी अलहाम्ब्रा नाट्यगृहात त्याचा प्रयोग होता. छत्तीस वर्षांचा होता तो. पहिली काही गाणी झाली, सभागृह थंड. मग त्याने ‘झ म्व्वायॅ देजा’ सुरू केलं. नावाचा अर्थ: ‘मला तर ते डोळ्यांपुढे दिसतच होतं’. गाणाऱ्याचं पात्र असं आहे: अठराव्या वर्षी गाव सोडून नाव कमवायला पॅरिसला आलेला एक गायक. पोस्टरवर आपलं नाव सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात त्याला दिसत असतं. आता वय उलटून गेलंय, अजून तोच जुना निळा सूट घालतो, अजून तोच आत्मविश्वास, आणि यश काही आलेलं नाही. चूक माझी नाही, तुम्हा लोकांना काही समजलं नाही, असं तो म्हणतो.

हे गाणं आधी इव्ह माँताँ या नावाजलेल्या गायकाने नाकारलेलं. रंगमंचावरच्या लोकांच्या व्यथांमध्ये प्रेक्षकांना काही रस नसतो, असं त्याचं मत. आणि खरोखर, अयशस्वी गायकाचं गाणं अजून पुरतं यशस्वी न झालेल्या गायकाने गायचं, हे फार धोक्याचं होतं. गाणं संपताना दिवे प्रेक्षकांच्या डोळ्यांवर वळले. टाळी नाही. विंगेत गेलेल्या आझ्नावूरला वाटलं, संपलं, आता हा धंदा सोडायचा. रिवाज म्हणून एकदा अभिवादन करायला तो परत आला, आणि तेव्हा सभागृह दणाणलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या रात्री यादीतली सगळी कलमं एकदम कामाला आली असं मला वाटतं. बुटका बांधा, बसका आवाज, थोडे अवघडलेले हात: तो पराभूत गायक खरा वाटायला हेच तर हवं होतं. देखण्या, भरदार आवाजाच्या माणसाने ते गायलं असतं तर नाटक वाटलं असतं. माँताँला ते गाणं आवडलं असतं तरी शोभलं नसतं.

पुढची वर्षं वेगाने गेली. त्याच वर्षी फ्रांस्वा त्र्युफोचा ‘पियानोवाल्यावर गोळी झाडा’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट आला होता, त्यात मुख्य भूमिका त्याची होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो गायला. आणि त्याच सुमाराला फ्रान्समध्ये रॉकची लाट आली. गिटार घेतलेली पोरं, बहुतेक गाणी अमेरिकन गाण्यांची भाषांतरं. शांसाँवाल्यांपैकी पुष्कळांनी नाक मुरडलं. आझ्नावूरने त्यांच्यासाठी लिहायला घेतलं. १९६१ मध्ये जॉनी आलिदेसाठी ‘रतियँ ला न्वी’, म्हणजे ‘ही रात्र धरून ठेव’, १९६४ मध्ये सिल्व्ही व्हार्ताँसाठी नाचायला निघालेल्या मुलीचं गाणं. दोन्हींच्या चाली जॉर्ज गारव्हारेंत्झच्या, जो पुढे आइदाचा नवरा झाला. मुलांच्या पिढीला त्याने दार उघडं ठेवलं, म्हणून पुढे त्या पिढीनेही त्याला जुना म्हणून बाजूला टाकलं नाही.

गाण्यातला ‘मी’

आझ्नावूरचं सगळ्यात मोठं कौशल्य माझ्या मते चालीत नाही, प्रथमपुरुषात आहे. त्याचं गाणं ‘मी’ ने सुरू होतं, आणि तो ‘मी’ दर वेळी वेगळा माणूस असतो. बायको गबाळी झाली म्हणून दारूच्या तारेत तिला घालूनपाडून बोलणारा आणि शेवटी तिच्याच कुशीत यायला बघणारा नवरा. चाळिशीला आलेला, ‘काल तर मी वीस वर्षांचा होतो’ म्हणत वाया घालवलेली वर्षं मोजणारा. बंदरावर माल उतरवत, दूरदेशीची जहाजं पाहत, मला घेऊन चला म्हणणारा. प्रत्येक गाणं तीन-चार मिनिटांचं नाटक असतं. प्रवेश, चढण, शेवटची ओळ.

यातलं सगळ्यात धाडसी गाणं १९७२ चं ‘कॉम इल दीझ’, ‘ते म्हणतात तसा’. गाणारा आईबरोबर जुन्या घरात राहतो. घरकाम, शिवण, बाजार तोच बघतो. रात्री एका ठिकाणी बाईच्या वेषात कार्यक्रम करतो. पहाटे मित्रांबरोबर जेवतो, तिथे लोक त्याची टिंगल करतात. ज्याच्यावर जीव आहे तो तरुण बायकांच्या मागे आहे, आणि त्याला हे कधी सांगता येणार नाही. मी एक समलिंगी पुरुष आहे, ते म्हणतात तसा, हे तो शांतपणे सांगतो.

तेव्हाचा फ्रान्स कसा होता हे ध्यानात घेतलं की या गाण्याचं वजन कळतं. १९६० मध्ये संसदेने समलैंगिकतेला ‘सामाजिक अरिष्टां’च्या यादीत घातलं होतं. भेदभाव करणारं शेवटचं कलम कायद्यातून गेलं ते १९८२ मध्ये. तोवर गाण्यांत आणि सिनेमांत असं पात्र यायचं ते हसण्यासाठीच. आझ्नावूरच्या जवळच्या माणसांनीही त्याला हे गाऊ नकोस म्हणून सांगितलं. दुसऱ्याबद्दल ‘तो’ म्हणून गाता आलं असतं, सुरक्षितही राहता आलं असतं. त्याने ‘मी’ म्हटलं. बायको-मुलं असलेला, लोकप्रियतेच्या शिखरावरचा पुरुष दर रात्री स्टेजवर उभं राहून ‘मी’ म्हणत होता. सुरुवातीला कुठे कुठे लोक हसत. गाणं संपेपर्यंत हसू थांबलेलं असे.

इंग्रजी, पैसे आणि हक्क

तो फ्रेंचखेरीज इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश आणि जर्मनमध्येही गायला. इंग्रजीत त्याला साथ मिळाली हर्बर्ट क्रेट्झमर या गीतकाराची. ‘काल तर मी वीस वर्षांचा होतो’ हे गाणं क्रेट्झमरच्या इंग्रजी शब्दांत अमेरिकेच्या रॉय क्लार्कने १९६९ मध्ये गाजवलं. १९७४ मध्ये एका ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतासाठी दोघांनी ‘शी’ केलं, आणि ते ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आपल्याकडे अनेकांनी ही चाल १९९९ च्या ‘नॉटिंग हिल’ चित्रपटात एल्व्हिस कॉस्टेलोच्या आवाजात ऐकली असेल. ती आझ्नावूरची.

असं गाणं दुसऱ्या देशात, दुसऱ्याच्या आवाजात वाजलं की मूळ रचनाकाराला काय मिळतं? फ्रान्समध्ये याचं उत्तर फार जुनं आहे. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्झे नावाचा गीतकार दोन संगीतकार मित्रांबरोबर बसला होता. तिथे यांचीच रचना वाजत होती. बिल आलं तेव्हा त्यांनी पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, तर आम्ही तुमच्या साखरपाण्याचे का द्यावेत? प्रकरण कोर्टात गेलं, निकाल रचनाकारांच्या बाजूने लागला आणि त्यातून १८५१ मध्ये ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. गाणं रेडिओवर, हॉटेलात, जलशात वाजलं की ही संस्था पैसे गोळा करते आणि वाटते. जाहीर वादनाच्या पैशांचे साधारणपणे तीन सारखे भाग: शब्द लिहिणारा, चाल देणारा, प्रकाशक. गायकाला यातलं काही नाही. म्हणून नुसतं गाणारा आणि स्वतः लिहून, चाल लावून गाणारा यांच्या म्हातारपणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सासेममध्ये नाव नोंदवायला पूर्वी लेखी परीक्षा असायची आणि पियाफसुद्धा त्यात पहिल्यांदा नापास झाली होती. तिच्या ‘ला व्ही आँ रोझ’ ची चाल लुईगीच्या नावावर आहे, कारण त्या वेळी संगीतकार म्हणून तिची नोंदणीच नव्हती. हे सगळं आझ्नावूरने जवळून पाहिलं होतं. १९९५ मध्ये त्याने एका सहकाऱ्याबरोबर राऊल ब्रतों ही जुनी प्रकाशनसंस्था विकत घेतली. शार्ल त्रेनेची गाणी त्या संस्थेकडे होती. ती बाहेरच्या मोठ्या कंपनीच्या हाती जाऊ नयेत आणि नव्या लिहिणाऱ्यांना दार मिळावं, ही त्यामागची धडपड होती. करखात्याशी त्याचे १९७०च्या दशकात वाद झाले, तो स्वित्झर्लंडला राहायला गेला, आणि याबद्दल फ्रान्समध्ये पुष्कळांनी त्याला नावं ठेवली. तेही त्याच्या चरित्रात आहे.

आर्मेनिया

तो स्वतःला आधी फ्रेंच म्हणवायचा. आर्मेनियन मुळं त्याने लपवली नाहीत, पण मिरवलीही नाहीत. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप झाला आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. आझ्नावूर तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. त्याने संस्था काढली, गारव्हारेंत्झबरोबर ‘पूर त्वा आर्मेनी’, ‘तुझ्यासाठी, आर्मेनिया’, हे गाणं रचलं, ऐंशीहून अधिक कलाकारांना एका स्टुडिओत आणलं आणि १९८९ मध्ये ते गाणं फ्रान्समध्ये कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पैसे मदतीला गेले. पुढे राजधानी येरेव्हानमध्ये त्याच्या नावाचा चौक झाला, ग्युमरी शहरात पुतळा उभा राहिला. २००८ मध्ये आर्मेनियाने त्याला नागरिकत्व दिलं आणि नंतर स्वित्झर्लंडमधला आपला राजदूत नेमलं. अमेरिकेचा व्हिसा न मिळालेल्या निर्वासिताचा मुलगा व्हिसा देणाऱ्या दूतावासाचा प्रमुख झाला.

म्हातारपणी कान गेले. शब्द विसरायला होत, म्हणून समोर शब्द दाखवणारा पडदा असे, आणि ही गोष्ट तो प्रेक्षकांना उघड सांगे. १९ सप्टेंबर २०१८ रोजी जपानमधल्या ओसाकात त्याने शेवटचा कार्यक्रम केला. १ ऑक्टोबरला दक्षिण फ्रान्समधल्या मुरिएस इथल्या घरी त्याचं निधन झालं. चार दिवसांनी पॅरिसच्या एँव्हालिदच्या प्रांगणात राष्ट्रीय मानवंदना झाली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि आर्मेनियाचे पंतप्रधान दोघंही हजर होते, आणि दुदुक हे जर्दाळूच्या लाकडाचं आर्मेनियन वाद्य वाजत होतं.

ऐकायचं असेल तर ‘ला बोएम’ पासून सुरुवात करा, आणि शक्यतो रंगमंचावरचं चित्रण पाहा. ताल तीन मात्रांचा, वॉल्ट्झचा. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच सापडेल, एक जड आणि दोन हलक्या. पॅरिसमधली माँमार्त्रची टेकडी, खिडकीखाली लायलॅकची फुलं, उपाशी चित्रकार आणि त्याच्यासमोर चित्रासाठी बसलेली तरुणी. शब्द कळले नाहीत तरी त्याच्या हातांकडे बघा. तो खिशातून पांढरा रुमाल काढतो आणि तो रुमाल चित्रकाराचं रंग पुसायचं फडकं होतो. बोटं पुसत पुसत तो गातो. शेवटच्या कडव्यात म्हातारा जुन्या पत्त्यावर परत जातो तर स्टुडिओ उरलेला नाही, फुलं वाळलीत, रस्तेही ओळखू येत नाहीत. चाल वेग घेते, वाद्यं भरभर फिरू लागतात, जसं म्हाताऱ्याला गरगरतंय. मग तो हात उघडतो, रुमाल खाली पडतो, आणि पुढच्या रांगेतले लोक तो उचलायला धावतात.